पाठराखीण प्रथिने : एका शास्त्रीय संज्ञेचा इतिहास आणि उल्हासनगरचा थॅलसेमिया

१. प्रास्ताविक

प्रस्तुत निबंधाचा विषय जीवरसायनातील असला तरी लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. एखादी संज्ञा एका व्यवहारातून उचलून दुसऱ्या व्यवहारात रुजविली जाते, तेव्हा तिच्याबरोबर जुन्या अर्थाचा काही अंश अपरिहार्यपणे येतो. त्या अंशामुळे नवे ज्ञान कधी उजळते, तर कधी झाकोळते. प्रथिनांच्या घडीस साहाय्य करणाऱ्या रेणूंना इंग्रजीत 'मॉलेक्युलर शापेरोन' असे नाव मिळाले. हे नाव कसे आले, त्यामागे कोणता शोध होता, मराठीत त्यास काय म्हणावे आणि या साऱ्याचा कल्याणपलीकडील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या गावांशी काय संबंध, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत बीटा-थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण सर्वसाधारण भारतीय प्रमाणाहून स्पष्टपणे अधिक आहे. या विकाराची आजची उपपत्ती मुख्यत्वे एका सोबत्यावाचून राहिलेल्या प्रथिनाची आणि त्यास सावरू पाहणाऱ्या रेणूंची उपपत्ती आहे. पाठ्यपुस्तकात जो विषय जीवाणू व किण्व यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो, त्याचे मानवी उदाहरण आपल्या उपनगरी गाडीच्या मार्गावरच आहे.

२. वसाहत आणि तिने बरोबर आणलेला वारसा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची एक मोठी छावणी उभी राहिली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. सुमारे एक लक्ष माणसे येथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून हे नाव घेतले असले, तरी घरदार सोडून आलेल्या लोकांच्या वस्तीस 'उल्हास' हे नाव मिळावे, यात नामकरण करणाऱ्यांची सदिच्छाही दिसते. 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' हे छावणीचे शब्द मात्र पत्त्यांतून गेले नाहीत. आजही बराकीचा क्रमांक सांगितल्यावाचून तेथे घर सापडणे कठीण.

स्थलांतर करणारा समाज बरोबर काय आणतो? तो भाषा आणतो. सिंधीतील श्वास आत ओढून उच्चारावयाचे चार व्यंजनध्वनी मराठी शेजाराच्या कानास आजही वेगळे लागतात. त्या भाषेस १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. तो व्यापाराची रीत आणतो, देवघर आणतो, विवाहसंबंधांचे नियम आणतो. आणि त्यास ठाऊकही नसता, तो आपल्या रक्तातील जनुके आणतो. बीटा-थॅलसेमियाचे दोषयुक्त जनुक बराकींत निर्माण झालेले नाही. दाटीवाटी, निकृष्ट अन्न वा पाणी यांच्याशी त्याच्या उगमाचा संबंध नाही. ते सिंधमध्ये शतकानुशतके होते आणि लोकांबरोबर आले.

योगायोग असा की, ज्या १९४९ साली या वसाहतीस नाव मिळाले, त्याच वर्षी रक्तविकारांच्या इतिहासातील दोन मूलभूत विचार प्रसिद्ध झाले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दात्रपेशी पांडुरोग हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच रोग आहे, असे दाखविले. रोगाचे मूळ एखाद्या रेणूत दाखवून देता येते, ही कल्पना तेव्हा सर्वस्वी नवी होती. दुसरा विचार जे. बी. एस. हॉल्डेन यांचा. थॅलसेमियाचे जनुक इतके घातक असूनही भूमध्यसागरी प्रदेशात टिकून का राहिले, या प्रश्नास त्यांनी उत्तर सुचविले की, ज्यांच्याकडे असे एकच जनुक आहे त्यांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. पुढील संशोधनाने या मतास पुष्टी दिली. हॉल्डेन १९५७ साली भारतात स्थायिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. सिंधू नदीचे खोरे हाही हिवतापाचा जुना प्रदेश होता. म्हणजे आज ज्यास आपण दोष म्हणतो, तो एकेकाळी त्या भूमीत काहीशा उपयोगाचा ठरला होता.

३. 'समुद्राचे रक्त'

या रोगाचे वर्णन प्रथम डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ साली केले. १९३२ साली व्हिपल व ब्रॅडफर्ड यांनी त्यास 'थॅलसेमिया' हे नाव दिले. ग्रीक 'थलास्सा' म्हणजे समुद्र व 'हैमा' म्हणजे रक्त. भूमध्यसागराकाठच्या कुळांतील मुलांत हा रोग आढळला, म्हणून हे नाव. परंतु नाव देऊन पुरती सहा वर्षे होतात न होतात तोच, १९३८ साली कलकत्त्यास मुखर्जी यांनी एका बंगाली बालकात हाच रोग असल्याची नोंद केली. नाव भूगोलावरून पडले आणि रोग भूगोलात मावला नाही, असे हे संज्ञेच्या इतिहासातील नेहमीचे उदाहरण होय.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो : दोन आल्फा व दोन बीटा. आल्फा साखळीत १४१ व बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. आल्फाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर, बीटाचे अकराव्यावर. दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या जनुकांवरून तयार होणाऱ्या या साखळ्या जवळजवळ समप्रमाणात निर्माण व्हाव्या लागतात. बीटा-थॅलसेमियात बीटा साखळी कमी होते किंवा मुळीच होत नाही.

येथे एक समजूत दूर करावयास हवी. बीटा नाही म्हणून हिमोग्लोबिन कमी, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून पांडुरोग, एवढे साधे हे गणित नाही. अथेन्सचे फेसास यांनी १९६३ साली दाखविले की, या रुग्णांच्या अपक्व रक्तपेशींत एका पदार्थाचा साका बसलेला असतो. १९६५ साली वेदरॉल, क्लेग व नॉटन यांनी साखळ्यांच्या निर्मितीतील असमतोल प्रत्यक्ष मोजला. उरलेली, जोडीदारावाचूनची आल्फा साखळी हीच त्या साक्याची सामग्री होती. हा साका पेशीच्या आवरणास इजा करतो व बहुसंख्य पेशी अस्थिमज्जेतच मरतात. याचा पडताळा असा की, ज्या रुग्णात आल्फा साखळीही जन्मतःच कमी निर्माण होते, त्याचा रोग बहुधा सौम्य असतो. दोन उणिवा एकत्र आल्या असता प्रकृती बिघडण्याऐवजी सुधारते. यावरून रोगाचे मर्म केवळ अभावात नसून विसंगतीत आहे, हे स्पष्ट होते. एकाकी आल्फा साखळी घातक का ठरते, हे कळण्यासाठी मात्र प्रथिनांच्या घडीच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

४. घडी आपोआप पडते काय?

अमिनो आम्लांची साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन तयार झाले, असे नव्हे. त्या साखळीची ठराविक त्रिमित घडी पडावी लागते, आणि घडी पडेपर्यंत प्रथिनास कार्य नसते. ख्रिश्चन अनफिनसेन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकरावर केलेले प्रयोग या क्षेत्रात प्रमाणभूत मानले जातात. यूरिया व क्षपणकारक द्रव्य यांनी त्यांनी या विकराची घडी पूर्ण मोडली. ती द्रव्ये काढून टाकताच विकराची घडी पूर्ववत पडली व कार्यही परत आले. या प्रथिनातील आठ गंधकयुक्त घटकांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, परंतु त्यांतील योग्य तोच प्रकार सिद्ध झाला. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या कार्यावरून असा सिद्धांत निघाला की, घडीची सर्व माहिती साखळीतील क्रमातच असते. १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यांना स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांच्यासमवेत मिळाले.

हा सिद्धांत खरा आहे, आणि तरीही तो अपुरा आहे. परीक्षानळीत प्रथिन विरल द्रावणात एकटे असते. पेशीत तसे नसते. तांबड्या रक्तपेशीत दर लिटरला सुमारे ३३० ग्रॅम हिमोग्लोबिन असते. अशा गर्दीत अर्धवट घडी पडलेल्या साखळ्यांचे चिकट भाग एकमेकांस सापडतात व त्यांचा गोळा होतो. उकडलेल्या अंड्यातील बलक पुन्हा पातळ होत नाही, नासलेले दूध पुन्हा दूध होत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघरास ठाऊक आहे. मग ताप चढलेल्या माणसाच्या किंवा उन्हात तापलेल्या माशीच्या पेशींतील प्रथिनांचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर एका अपघातातून मिळाले. इटलीत फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. कोणीतरी उबवणयंत्राचे तापमान वाढविले होते, आणि त्या पेशींच्या गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी फुगवटे आलेले रितोसांना दिसले. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले. उष्णतेने काही जनुके जागी होतात, असा त्याचा अर्थ होता. भारतातही हे सूत्र लवकर हाती घेतले गेले. सुभाषचंद्र लखोटिया व ए. एस. मुखर्जी यांनी १९७० साली फळमाशीतील अशाच एका विशिष्ट फुगवट्याविषयी नोंद प्रसिद्ध केली. त्या जनुकांपासून निर्माण होणारी प्रथिने टिसिएर, मिचेल व ट्रेसी यांनी १९७४ साली ओळखली. त्यांना इंग्रजीत 'हीट शॉक' प्रथिने म्हणतात. मराठीत 'उष्माघात' हा शब्द उन्हाच्या झटक्यासाठी आधीच रूढ असल्याने येथे 'ताप-प्रघात प्रथिने' असे म्हणणे सोयीचे होईल.

५. 'शापेरोन' : टोपीपासून रेणूपर्यंत

'शापेरोन' हा मूळचा फ्रेंच शब्द. 'शाप' म्हणजे अंगावरील झगा, आणि 'शापरों' म्हणजे डोके झाकणारी टोपी. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या कथासंग्रहातील लांडग्याच्या गोष्टीतल्या मुलीचे नाव अशाच तांबड्या टोपीवरून पडले आहे. पुढे टोपी जशी डोके झाकते, तशी अविवाहित मुलीस समाजात झाकून सांभाळणारी प्रौढ स्त्री, असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. ती स्त्री मुलीबरोबर नृत्यसमारंभास जाई, अयोग्य संगत टाळी, आणि स्वतः मात्र नृत्यात भाग घेत नसे.

१९७८ साली रॉन लास्की व त्यांचे सहकारी बेडकाच्या अंड्यांतील एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. हिस्टोन प्रथिनांवर धन भार असतो व डीएनएवर ऋण भार. दोन्ही सरळ एकत्र आणली तर नुसता साका होतो. न्यूक्लिओप्लाझ्मिन हे प्रथिन हिस्टोनांस आधी धरून ठेवते, योग्य रीतीने डीएनएवर नेऊन बसविते आणि स्वतः बाजूस होते. अयोग्य संगत टाळणाऱ्या या रेणूस लास्की यांनी 'मॉलेक्युलर शापेरोन' म्हटले. त्या वेळी हे नाव एकाच प्रथिनापुरते होते.

जॉन एलिस यांना वनस्पतींतील रुबिस्को या विकराच्या जुळणीच्या अभ्यासात तशाच सोबती प्रथिनाची चाहूल १९८० च्या सुमारास लागली होती. ह्यू पेलहॅम यांनी १९८६ साली असे अनुमान मांडले की, ताप-प्रघात प्रथिने ही बिघडलेल्या प्रथिनांचे चिकटलेले भाग सोडवीत असावीत. १९८७ साली एलिस यांनी हे सारे धागे एकत्र करून संज्ञेचा विस्तार केला. त्यांच्या व्याख्येतील महत्त्वाची अट अशी की, शापेरोन इतर प्रथिनांच्या जुळणीस साहाय्य करतो, परंतु सिद्ध झालेल्या रचनेचा घटक होत नाही.

जीवाणूंकडून आलेली वाट वेगळी होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी कोस्टा जॉर्गोपुलोस आदींनी असे जीवाणू शोधले होते की, ज्यांत विषाणूचे मस्तक नीट जुळत नसे. दोष विषाणूचा नसून जीवाणूच्या 'ग्रो-ई' जनुकाचा होता. १९८८ साली या जनुकाचे प्रथिन व वनस्पतींतील सोबती प्रथिन एकाच कुळातील असल्याचे दिसून आले. १९८९ साली आर्थर हॉर्विच व फ्रान्झ-उल्रिख हार्टल यांनी किण्वपेशीतील तंतुकणिकांत दाखविले की, या कुळातील प्रथिन नसेल तर बाहेरून आत आलेल्या साखळ्यांची घडी पडतच नाही. या कार्यासाठी त्या दोघांना २०११ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

जीवाणूतील हे यंत्र म्हणजे सात-सात घटकांची दोन वलये एकावर एक ठेवून झालेली पोकळ डबी होय. तिला सात घटकांचेच झाकण असते. गर्दीतील एक साखळी आत घ्यावयाची, झाकण लावावयाचे, तिला काही सेकंद एकांत द्यावयाचा, आणि एटीपीची ऊर्जा खर्चून झाकण उघडावयाचे, असा तिचा व्यवहार आहे. घडी कशी पाडावयाची हे डबी सांगत नाही. ते साखळीतच असते. म्हणून अनफिनसेन यांचा सिद्धांत येथे खोटा ठरत नाही. त्याच्या सिद्धीस लागणारी परिस्थिती कोण पुरविते, एवढेच कळते.

या संशोधनात मराठी मंडळींचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी शेखर मांडे यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसह कुष्ठरोगाच्या जीवाणूतील या झाकणाची स्फटिकरचना निश्चित केली. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. २००४ साली कामरा व मांडे यांनी क्षयाच्या जीवाणूतील त्याच कुळाच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. तेथे चौदा घटकांची डबी न दिसता केवळ जोडी दिसली, हे विशेष. मांडे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक झाले. जयंत उदगावकर यांनी बंगलोर येथे 'बार्स्टार' या लहानशा प्रथिनाची घडी टप्प्याटप्प्याने कशी पडते, याचा दीर्घकाळ मागोवा घेतला.

बिघडलेल्याची दुरुस्ती होते काय, या प्रश्नाचे उत्तरही या काळात मिळाले. सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली दाखविले की, उष्णतेने गोळा झालेली प्रथिने किण्वपेशीतील एचएसपी-१०४ हे प्रथिन पुन्हा सोडवू शकते. हे काम ते एकट्याने करीत नाही, तर एचएसपी-७० व त्याच्या साथीदारांबरोबर करते. स्वयंपाकघरातील नासलेल्या दुधाचा नियम पेशीस सर्वांशी लागू नाही. मात्र ही दुरुस्ती ऊर्जा खर्चून होते आणि तिला मर्यादा आहे.

६. मराठी संज्ञेचा विचार

मराठीत या रेणूंस काय म्हणावे? 'सहचर' म्हटले तर तो रचनेत कायमचा राहतो असे वाटते. 'मदतनीस' हा शब्द फार सैल आहे. 'करवली' लग्नात मिरवते, पण तिचे काम विधीपुरते. माझ्या मते यासाठी 'पाठराखीण' हा शब्द सर्वांत जवळचा आहे. नवी नवरी सासरी निघाली की तिच्या पाठोपाठ माहेरची एखादी जाणती बाई वा मुलगी जाई. परक्या घरात नवरीस सांभाळी, ती रुळली की परत येई. सासरच्या संसारात तिचा वाटा नसे. एलिस यांच्या व्याख्येतील अट या शब्दात जन्मतःच आहे.

फ्रेंच-इंग्रजी शब्दात व या शब्दात एक भेद आहे, तो लक्षात ठेवावा. 'शापेरोन' विवाहापूर्वीची असते व अयोग्य संबंध टाळणे हे तिचे काम. 'पाठराखीण' विवाहानंतरची असते व योग्य संबंध स्थिर होईपर्यंत आधार देणे हे तिचे काम. रेणूंचे कार्य दोन्ही प्रकारचे आहे. काही प्रथिने केवळ गोळा होऊ देत नाहीत, काही घडीस अवसर देतात. म्हणून कोणताही एक शब्द पुरा पडणार नाही. शिवाय 'पाठराखण करणे' या क्रियापदास अलीकडील वृत्तपत्री भाषेत चुकणाऱ्यास पाठीशी घालण्याची छटा आली आहे. ती येथे अभिप्रेत नाही. पाठराखीण प्रथिने बिघडलेल्यास पाठीशी घालीत नाहीत. जे सुधारत नाही, ते पेशी मोडीत काढते, आणि त्या कामासही ती काही वेळा हातभार लावतात.

७. आल्फा साखळीची पाठराखीण

२००२ साली फिलाडेल्फिया येथील मिचेल वाइस व त्यांचे सहकारी यांनी तांबड्या पेशींच्या पूर्वरूपांत विपुल आढळणारे १०२ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन ओळखले. त्याचे नाव 'आल्फा हिमोग्लोबिन स्थिरकारी प्रथिन', संक्षेपाने एएचएसपी. इतर पाठराखिणी अनेक प्रथिनांची काळजी वाहतात. ही मात्र एकाच साखळीची. सुट्या आल्फा साखळीस ती चिकटते. बीटाला किंवा पूर्ण जुळलेल्या हिमोग्लोबिनला ती चिकटत नाही.

२००४ साली तिची रचना कळली, तेव्हा मोठी मनोज्ञ गोष्ट पुढे आली. आल्फा साखळीच्या ज्या बाजूस बीटा येऊन बसावयाची, साधारण त्याच बाजूस एएचएसपी बसते. बीटा आली की तिची ओढ अधिक असल्याने एएचएसपी दूर होते. म्हणजे जोडीदार येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवावयाची आणि तो आला की उठावयाचे. शिवाय आल्फा साखळीतील लोहाचा अणू ती अशा स्थितीत धरून ठेवते की, त्यापासून पेशीस जाळणारी प्राणवायूची क्रियाशील रूपे सहजी उत्पन्न होऊ नयेत. त्याच वर्षी उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, बीटा-थॅलसेमिया असलेल्या उंदरांत एएचएसपीही नसेल तर रोग अधिक तीव्र होतो.

निरोगी माणसात आल्फा किंचितच अधिक असते. तेवढीस ही पाठराखीण पुरते. बीटा मुळीच न येणाऱ्या माणसात मात्र सुट्या आल्फांचा लोंढा येतो. पाठराखिणी मोजक्या आणि नवऱ्या हजारो, आणि वर कधी येणारच नाहीत, अशी ती अवस्था. मग पेशी अतिरिक्त आल्फा मोडून टाकू पाहते. तेही अपुरे पडले की फेसास यांनी पाहिलेला साका बसतो. माणसामाणसांतील एएचएसपीच्या कमीअधिक प्रमाणावर रोगाची तीव्रता ठरते काय, याचा शोध अनेक देशांत झाला. परंतु निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, म्हणून त्या बाबतीत उतावीळपणा करू नये.

२०१४ साली फ्रान्समधील आर्ले व सहकारी यांनी आणखी एक दुवा जोडला. एचएसपी-७० ही सर्वसाधारण पाठराखीण तांबडी पेशी पक्व होताना केंद्रकात जाऊन 'गाटा-१' या नियामक प्रथिनास विनाशापासून वाचविते. थॅलसेमियात ती सुट्या आल्फांतच गुंतून पडते व केंद्रकाकडे पोहोचत नाही. परिणामी गाटा-१ नष्ट होते व पेशी पक्व होण्यापूर्वीच मरते. एकाच्या संकटात सर्वांची रक्षणकर्ती अडकून पडते, हे या रोगाचे खरे स्वरूप आहे.

८. त्रुटित पोथीचे साक्ष्य

सिंधी कुटुंबांत बीटा साखळी का होत नाही, याचे उत्तर भाषाशास्त्राच्या व पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यास ओळखीचे वाटेल. स्टुअर्ट ऑर्किन आदींनी १९७९ पासून भारतीय वंशाच्या काही रुग्णांत बीटा जनुकाचा शेवटचा भागच गळालेला असल्याचे दाखविले. तुटीची लांबी ६१९ अक्षरे, म्हणजे न्यूक्लिओटाइडे. ही तूट सिंधी व गुजराती कुळांत विशेषेकरून आढळते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असता हस्तलिखितांची कुळे ज्या तत्त्वाने लावली, ते तत्त्व असे : दोन पोथ्यांत पाठ बरोबर असणे हा नात्याचा पुरावा नव्हे, दोहोंत एकच चूक असणे हा होय. नेमकी त्याच ठिकाणी तुटलेली, नेमकी तेवढीच अक्षरे गळालेली पोथी दोन गावी मिळाली, तर त्यांची मूळ प्रत एक. ६१९ अक्षरांची ही तूट आसपासच्या जनुकखुणांच्या बहुधा एकाच मांडणीबरोबर सापडते. यावरून ती एका पूर्वजाकडून आली असावी, असे अनुमान निघते. अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आपण जपतो. त्याच्या पलीकडच्या स्थानकावर राहणाऱ्या माणसांच्या पेशींत याहून किती जुना लेख आहे, हे कोणी सांगावे?

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. थॅलसेमिया हा 'सिंध्यांचा रोग' नव्हे. भारतात एकंदर तीन ते चार टक्के लोक बीटा-थॅलसेमियाचे जनुक बाळगून आहेत, असे सामान्यतः मानले जाते. भारतातील सर्वांत प्रचलित दोष ६१९ अक्षरांच्या तुटीचा नसून एका अक्षराच्या बदलाचा आहे, आणि तो मराठीभाषक कुटुंबांतही आढळतो. मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात १९५२ साली य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. त्याच परिसरात पुढे वाढलेल्या, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत रोशन कोलाह आदींनी पश्चिम भारतातील या दोषांची जी मोजदाद केली, तीवरून हेच दिसते. अंबरनाथ व बदलापूर येथे आज नाना भाषांची व जातींची कुटुंबे शेजारी राहतात. तपासणी एकाच वस्तीपुरती ठेवणे हे शास्त्रासही धरून नाही.

९. 'मायनर', 'मेजर' आणि 'वाहक'

आता ज्या प्रश्नासाठी हा निबंध लिहिला, त्याकडे येतो. ज्याच्याकडे दोषयुक्त जनुक एकच असते तो निरोगी असतो. त्यास वैद्यकीय व्यवहारात 'थॅलसेमिया मायनर' म्हणतात. ज्याच्याकडे दोन्ही जनुके सदोष, तो 'मेजर'. त्यास बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी जन्मभर रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते व ते औषधांनी बाहेर काढावे लागते. आईबाप दोघेही 'मायनर' असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल 'मेजर' होण्याचा संभव चारांत एक.

'मायनर' आणि 'मेजर' या जोडीत भाषिक दोष असा आहे की, ती एकाच रोगाच्या लहान-मोठ्या पायऱ्या सुचविते. ऐकणारा साहजिकच समजतो की, आज मायनर आहे, हयगय केली तर उद्या मेजर होईल. वस्तुतः मायनरचा मेजर कधीही होत नाही. जनुकांची संख्या जन्मतः ठरलेली असते. उलट दुसरा समजतो की, मायनर म्हणजे क्षुल्लक, तेव्हा तपासणीची गरज नाही. एकच शब्द एकास विनाकारण घाबरवितो, दुसऱ्यास विनाकारण निश्चिंत करतो.

'वाहक' हा पर्यायी शब्द शासकीय पत्रकांत येतो. परंतु मराठी माणसास वाहक म्हटला की एस. टी. मधील तिकिटे देणारा आठवतो, आणि 'रोगवाहक' म्हटला की डास. डासाशी जुळणारा शब्द कोणत्याही उपवर मुलामुलीच्या नावापुढे लागला, तर त्याचा अर्थ संसर्ग असाच होणार. अशा अर्थभ्रमाचा भार बहुधा कोणावर पडेल, हे आपल्या विवाहपद्धतीची ओळख असलेल्यास सांगावयास नको. म्हणून 'निरोगी जनुकधारक' असा काहीसा लांब, पण अर्थाने सुरक्षित शब्द वापरावा, असे मी सुचवितो. 'निरोगी' हे विशेषण त्यातून गाळू नये.

शब्द नीट नसल्यास शास्त्रही घरापर्यंत पोहोचत नाही. सायप्रस व सार्डिनिया येथे १९७० च्या दशकापासून विवाहपूर्व तपासणी व समुपदेशन यांनी रोगी बालकांचे जन्म फारच कमी झाले. तेथे तपासणीचा अर्थ 'लग्न मोडणे' असा झाला नाही. जनुकधारकांनी आपसांत विवाह केले तरी गर्भपरीक्षेची वाट खुली राहिली. आपल्याकडे एचबी-ए-टू या घटकाचे प्रमाण मोजणारी साधी रक्ततपासणी उपलब्ध आहे. ते सुमारे साडेतीन टक्क्यांहून अधिक असल्यास जनुकधारकता सूचित होते. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात थॅलसेमियाचा समावेश झाला आहे. उणीव आहे ती समजेल अशा भाषेची.

१०. उपसंहार

अनफिनसेन यांनी दाखविले की, प्रथिनाचे रूप त्याच्या क्रमातच असते. त्यानंतरच्या अर्धशतकाने दाखविले की, गर्दीत, तापात व संकटात ते रूप प्रत्यक्षात यावे म्हणून कोणाची तरी सोबत लागते. ही सोबत अमर्याद नाही. उल्हासनगरच्या आजारी मुलाच्या पेशीत पाठराखीण आहे, परंतु ती एकटी पुरत नाही. आजवरचे उपाय पाहिले तरी हेच दिसते. १९८० च्या दशकापासून होणारे मज्जारोपण निरोगी पेशींचा नवा साठा देते. २०२३ साली प्रथम मान्यता मिळालेले जनुकसंपादन गर्भावस्थेतील गॅमा साखळी पुन्हा सुरू करून आल्फास नवा जोडीदार मिळवून देते. हा दुसरा उपाय अजून फार थोड्यांच्या आवाक्यात आहे. रक्त चढविणे हाच बहुसंख्यांचा आधार, आणि ते रक्त दुसऱ्या कोणीतरी दिलेले असते.

'शापेरोन' व 'पाठराखीण' हे दोन्ही शब्द विवाहव्यवहारातून आले आहेत, आणि या रोगाचे निवारणही विवाहाच्या उंबरठ्यावरच होऊ शकते. जुनी पाठराखीण मुलीस परक्या घरी एकटे पडू देत नसे. आज तपासणीचा कागद हाती घेऊन बसलेल्या दोन कुटुंबांना तशीच सोबत हवी आहे. ती वैद्यकाने द्यावयाची आहे आणि भाषेनेही. दुसऱ्या भागाची जबाबदारी आपल्यासारख्या भाषाविभागांची आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांसाठी विषय शोधताना कल्याणच्या पुढील चार स्थानकांचा विचार करावा आणि तेथील घरांत हे शब्द प्रत्यक्ष कसे ऐकले व समजले जातात याची नोंद करावी, अशी सूचना करून हा निबंध संपवितो.